जोमाभाऊ आणि मुका कीबोर्ड

माझ्या क्लासला वयाची अट नाही, शिस्तीची आहे. जुन्या पनवेलमध्ये पहिल्या मजल्यावर मी पेटी आणि कीबोर्ड शिकवते, आणि चपला दाराबाहेर सरळ लावल्या नसतील तर पोरांना पुन्हा जिना उतरायला लावते. जोमाभाऊ म्हात्रे पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या चपला तर लावल्याच, पण आधी आलेल्या सगळ्या पोरांच्याही टाचेला टाच जुळवून ठेवल्या, एक पाऊल मागे सरकून ती ओळ न्याहाळली आणि मग आत आले. साठीला टेकलेला, सावळा, रुंद हाडापेराचा माणूस. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. मला वाटलं, नातवाला घ्यायला आले असतील. तर म्हणाले, मलाच शिकायचंय.

न्हावा शेव्याच्या बंदरावर त्यांनी उभं आयुष्य क्रेन चालवली होती आणि नुकतेच निवृत्त झाले होते. जहाजावरचे कंटेनर, म्हणजे त्यांच्या भाषेत डबे, उचलायचे आणि खाली उभ्या ट्रेलरवर ठेवायचे, नाहीतर ट्रेलरवरचे उचलून जहाजात बसवायचे. त्या क्रेनची केबिन पार आभाळात असते, पायाखाली काच असते आणि चालवणाऱ्याची नजर दिवसभर स्वतःच्या दोन गुडघ्यांमधून खाली. त्यामुळे मान कायमची पुढे झुकलेली. बोलताना ते समोरच्याच्या पायांकडे बघत, आणि नवख्याला वाटे की बिचारा लाजतोय. लाजणं त्यांच्या गावीही नव्हतं.

क्लासचा कीबोर्ड त्यांनी स्टँडवरून उतरवला, मुलांच्या बुटक्या बाकावर ठेवला आणि स्वतः उंच स्टुलावर बसले. गुडघ्यांच्या मधोमध पट्ट्या. मनगटं लोंबकळलेली. माझ्या सगळ्या शिकवणीचा अपमान वाटावा अशी ती बैठक होती. मी महिनाभर भांडले. ते शांतपणे ऐकून घेत, माझं बोलून झालं की हो म्हणत आणि तसेच बसत. शेवटी मीच नाद सोडला, कारण त्यांची बोटं माझ्या सरळ मनगटवाल्या पोरांच्या आधी जागेवर पोचायला लागली होती. सूर बरोबर लागला की ते 'बसला' म्हणत. चांगला, सुंदर, गोड असले शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. सूर एक तर बसायचा, नाहीतर हलत असायचा.

स्वतःचा कीबोर्ड घ्या, असं मीच त्यांना सांगितलं. आठवड्याभराने ते एक सपाट खोकं घेऊन आले. आतून निघालेल्या वस्तूला पट्ट्या होत्या, पण मोजक्याच. उजव्या हाताला रबराचे आठ चौकोन, वर दाबायच्या आणि गोल फिरवायच्या कळा आणि वरखाली सरकणाऱ्या दांड्या. दुकानदाराने 'लेटेस्ट' म्हणून दिला होता. दिवे लागले, पण कुठलीही पट्टी दाबा, आवाज म्हणून नाही. जोमाभाऊंनी दाबून पाहिलं, मी दाबून पाहिलं, वायर काढून घातली. मग मी सगळ्या वर्गासमोर जाहीर केलं की माल खराब आहे, तुम्हाला फसवलंय. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. मी दुकानदाराला फोन लावला आणि माझा आवाज चढवला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, मॅडम, लॅपटॉपला जोडलाय का? याच्यात आवाज नसतोच. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा, हा नुसता कंट्रोलर आहे.

माझे कान तापले. इतकी वर्षं संगीत शिकवतेय, आणि मुक्या कीबोर्डवरून दुकानदाराशी भांडले. जोमाभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद पसरला की जणू लॉटरी लागली.

"बाई, यो वाजत नाय, यो सांगतंय," ते म्हणाले. "माज्या केबिनीतला दांडा तरी कुटं डबा उचलायचा? दांडा सांगायचा, उचलनारा येगलाच."

मिडी कंट्रोलर म्हणजे काय हे मी पुढे बऱ्याच पुस्तकी शब्दांत वाचलं. याहून सोपं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि आता माझ्या क्लासात मी हेच सांगते.

त्या दिवसापासून माणूस पेटला. लॅपटॉप त्यांच्या मुलीचा, प्रणालीचा. माऊसला ते हात लावत नसत. दोन हात दिलेत देवाने, एका बोटाने कसलं काम करायचं, असं त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअरमधलं जे जे बटण मी माऊसने दाबायची, ते ते त्यांनी कंट्रोलरच्या कुठल्या ना कुठल्या कळीला जोडून टाकलं. रेकॉर्डिंग सुरू करणं डाव्या कळीला, थांबवणं तिच्या शेजारी, प्रत्येक ट्रॅकचा आवाज एकेका दांडीला. बघावं लागू नये म्हणून रबराच्या आठ चौकोनांवर, म्हणजे पॅडवर, बायकोच्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवल्या. पहिल्या पॅडवर एक टिकली, दुसऱ्यावर दोन, असं आठपर्यंत. काळोखातसुद्धा बोटाला कळलं पाहिजे. बायको, सुनंदावहिनी, मला एकदा फोनवर म्हणाल्या की बाई, माझी कपाळाची टिकली राहिली नाही घरात.

सुरू करण्याआधी ते बाकाभोवती एक फेरी मारत आणि मोठ्याने बोलत: केबल ओके, पावर ओके, आवाज शून्यावर, खाली मानूस नाय. खाली माणूस कुठून असणार, पण ते म्हटल्याशिवाय हात पट्टीवर जात नसे. पोरं आधी खुसखुसली. पुढे वार्षिक कार्यक्रमात दोघांच्या वायरी ढिल्या निघाल्या, त्या याच फेरीत सापडल्या म्हणून अब्रू वाचली. तेव्हापासून सगळा वर्ग 'खाली मानूस नाय' म्हणूनच सुरुवात करतो.

त्यांचा कान घडवलेला नव्हता, पण वेळेच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा तिखट होता. एकदा म्हणाले, बाई, दाबल्यावर सूर उशिरा येतोय. मला काहीच जाणवत नव्हतं. म्हटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी ते सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरून, प्रणालीला मोबाइलवर त्याची माहिती वाचायला लावून, तो उशीर कुठल्या आकड्यामुळे होतो हे शोधूनच आले. आकडा खाली आणला आणि मला पुन्हा वाजवायला लावलं. खरंच, पट्टी हाताला एकदम हलकी वाटली. मी मान्य केलं, तेही जरा रागानेच.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी मुक्या कीबोर्डच्या प्रकारानंतर सांगितलं. जोमाभाऊ जवळच्या ओवे गावचे, आगरी. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी ती धवलारीण. तिचा मान भटजीच्या तोडीचा. जोमाभाऊंची थोरली बहीण पारूबाय ही ओव्याची धवलारीण. धवला जोडीने गायचा. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ओळीचा शेवट उचलून पुन्हा म्हणायचा, त्याला झेलणं म्हणतात. झेलणारी गात असते तेवढ्यात पहिली दम घेते. पारूबायची जोडीण शेजारची हिराबाय. दोघी तरुणपणापासून एकत्र गात आल्या. चार वर्षांपूर्वी हिराबाय वारली आणि पारूबायने तोंड मिटलं. गावातल्या बायकांना विचारलं तर जी ती म्हणे, मला नाही येत. सुनंदावहिनी तर पदर तोंडाला लावून आत पळत. मग लग्नात धवले मोबाइलवरून स्पीकरवर लागायला लागले.

आता प्रणालीचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक मुलगी. पारूबायने भावाला सांगून टाकलं होतं की येईन, हळद लावीन, गाणार नाही. जोडीन गेली, आता कोन झेलंल? याला जोमाभाऊंकडे एकच उत्तर होतं, त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या हळदीची कॅसेट. तिच्यात दोघींचे आवाज होते. हिराबायचं झेलणं तेवढं वेगळं कापायचं, एकेक तुकडा एकेका पॅडवर ठेवायचा. पारूबाय ओळ म्हणेल, जोमाभाऊ पॅड दाबतील, हिराबाय झेलेल.

"माज्या पोरीच्या मांडवात माजी बाय गायला पायजे," ते म्हणाले. "बाकी मना काय नको."

मी मनात म्हटलं, झालं, निवृत्तीनंतरचं खूळ. पण मग कॅसेट ऐकली. मागे भांडी आपटतायत, कुणीतरी खुर्च्या मागतोय, आणि त्यातून दोन धारदार आवाज एकमेकींच्या हातात हात घालून चाललेत. आम्ही कॅसेट लॅपटॉपवर घेतली आणि झेलण्याचे सात तुकडे स्वच्छ मिळाले. इथे माझ्यातली शिकवणारी बाई जागी झाली. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, मागेपुढे झालेले सूर तालाच्या चौकटीत ओढून सरळ बसवायची. हिराबाय तालात नव्हती. कुठे रेंगाळायची, कुठे घाईने उतरायची. मी तिचे सातही तुकडे सरळ केले, वर क्लिकचा ठोका लावला आणि जोमाभाऊंना तो कानात ऐकत वाजवायची सवय केली. कामावर मी भलतीच खूश होते.

एका रविवारी सकाळी पारूबाय क्लासवर आली. लहानखुरी, काष्ट्याचं लुगडं, कपाळभर कुंकू. खुर्ची दिली तर खाली बसली. भावाने पॅड दाबून हिराबायचा आवाज ऐकवला तेव्हा तिचा हात गुडघ्यावर जागच्या जागी थांबला.  मग आपणहून पहिली ओळ धरली. आवाज पातळ झाला होता, पण सूर जागेवर. हिराबायने झेललं. दुसरी ओळ, झेललं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी पारूबायचा दम पुरेना, ती अर्धा क्षण थांबली, आणि क्लिकबरोबर हिराबाय तिच्या अंगावर येऊन आदळली. पारूबाय गायची थांबली.

"ही हिरा नाय," ती म्हणाली. "हिरा मना दम खाऊ देयाची. हिला कुटली तरी गाडी पकरायची हाय."

आणि लुगडं सावरत उठली. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाला इतक्या थोडक्यात कुणी मोडीत काढलं नव्हतं. जोमाभाऊंनी वायर गुंडाळली, बहिणीला स्कूटरवर मागे बसवलं आणि गेले. लग्नाला तीन आठवडे उरले होते. मला खरोखर वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला जोमाभाऊ हजर. फेरी मारली, केबल ओके म्हणाले, आणि पहिलं काम केलं ते क्लिक बंद करण्याचं. मग मी सरळ केलेले सातही तुकडे त्यांनी पुसले आणि कॅसेटमधले जुने, वाकडेतिकडे पुन्हा आणून ठेवले. मी विचारलं, हे काय?

"बाई, बंदरातली बोट कदी गप नसतं," ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले. "भरती आली का वर, सुकती लागली का खाली. आमी बोटीला नाय सांगत का हलू नको. ती हलतं तसा आमी डबा हलवायचा, मंग तो बसतं."

मी पुढे त्यांना तालाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. 

ते आता सकाळी क्लासला न येता पारूबायच्या अंगणात जाऊन बसायला लागले. ती तांदूळ निवडायची, कोंबड्या हाकलायची, सुनेवर करवादायची, आणि हे नुसते बघत बसायचे. काय बघतोस म्हणून ती ओरडली तरी उठायचे नाहीत. ते तिचा दम शिकत होते. ओळ संपली की तिचा डावा खांदा आधी उतरतो आणि मग श्वास आत जातो, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं, मोठी बातमी असावी तसं. तिचा आवाज वयाने खाली आला होता, म्हणून एक कळ फिरवून हिराबायलाही त्यांनी तेवढंच खाली आणलं. मग एके दिवशी कंट्रोलर मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. पारूबाय सुपात तांदूळ पाखडताना नकळत तोच धवला गुणगुणत होती. खांदा उतरला, यांनी पॅड दाबला. तिने वळून बघितलं, पाखडणं चालू ठेवलं आणि दुसरी ओळ म्हटली. तिसरीही. शेवटी एवढंच म्हणाली की ही हिरा. मांडवात गाशील का, तर म्हणे, मांडवात बघू.

एक अडचण राहिली होती. धवल्यात एका ओळीत नवरीचं नाव येतं आणि झेलणारीही ते घेते. कॅसेटमध्ये हिराबाय तेव्हाच्या नवरीचं, म्हणजे सुनंदावहिनींचं नाव घेत होती. लेकीच्या हळदीत आईचं नाव कसं चालेल? मी सुचवलं की माझ्या एका विद्यार्थिनीचा आवाज गोड आहे, तिच्याकडून प्रणालीचं नाव गाऊन घेऊ आणि आठव्या पॅडवर ठेवू. जोमाभाऊ नको म्हणाले. आठवा पॅड रिकामा राहू दे. मी म्हटलं, अहो, भर मांडवात गाण्याला भोक पडेल. ते म्हणाले, नाव कुणीतरी घेईलच. मी चिडले, कार्यक्रम असा नशिबावर सोडत नसतात असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, हो म्हणाले आणि पॅड रिकामाच ठेवला.

हळद सकाळची होती. ओव्यात त्यांच्या घरासमोर मांडव, शेजारी डीजेचे डबे रचून ठेवलेले, पण बंद. प्रणाली पाटावर, भोवती बायकांचा गराडा. पारूबायसमोर माईक. जोमाभाऊ नव्या पांढऱ्या शर्टात एका बाजूला, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर कंट्रोलर, बाकाखाली लॅपटॉप. फेरी मारून झाली होती. 'खाली मानूस नाय' हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पारूबाय हळदीची वाटी हातात धरून कितीतरी वेळ गप्प बसली. बायका कुजबुजायला लागल्या. जोमाभाऊ तिच्याकडे बघत होते, तोंडाने नाही तर सगळ्या अंगाने गा म्हणत होते. आणि तिने पहिली ओळ धरली.

ओळ संपली. सगळं शांत. माझी बोटं शिवशिवली, दाबा ना, दाबा. त्यांनी दाबलं नाही. पारूबायचा खांदा उतरला, श्वास आत गेला, आणि तेव्हा हिराबायचा आवाज मांडवात उभा राहिला. म्हाताऱ्या बायकांच्या हातातली कामं थांबली. कुणीतरी 'हिरा गो' म्हणालं. पारूबायची मान ताठ झाली आणि दुसरी ओळ पहिलीपेक्षा वर गेली. मग तिसरी, चौथी. मागे भांडी आपटत होती, जुन्या मांडवातली आणि या मांडवातली, कुठली कुठल्या हळदीची कळेना. एकदाही हिराबाय तिच्या अंगावर आली नाही. एकदाही तिला वाट बघायला लागली नाही.

नावाची ओळ आली. पारूबायने प्रणालीचं नाव घेतलं आणि थांबली. तिने भावाकडे बघितलं. जोमाभाऊंचं बोट आठ टिकल्यांवर होतं, आणि तिथे काही नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

नाव आलं ते सुनंदावहिनींकडून. कापऱ्या, बारीक आवाजात, पण त्याच सुरात, त्याच ठिकाणी. लेकीचं नाव आईने झेललं. तिच्या मागोमाग तिच्या जावेने म्हटलं, मग शेजारणीने, मग मागच्या रांगेतल्या बायकांनी, ज्या चार वर्षं येत नाही म्हणत होत्या. सगळ्यांना येत होतं. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीने सुरुवात करावी. पुढच्या ओळी त्या हिराबायबरोबर झेलायला लागल्या, आणि मांडव असा भरला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

जोमाभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते तिथे. त्यानंतर ते क्लासला आले नाहीत. फोन येतो, पण तोही घाईत असतो. आमच्याही मांडवात असं झेलणं हवं म्हणून गावोगावची माणसं त्यांच्या मागे लागलीत. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलेत ते त्या बायकांच्या गराड्यातले. त्यांनी हिराबायच्या आवाजाची दांडी केसभर खाली घेतली. मग अजून थोडी. बायकांच्या लक्षातही आलं नाही. ती शून्यावर आली तसे त्यांनी दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले आणि मांडीवरचा कीबोर्ड पुन्हा मुका झाला. धवला संपला. पारूबायने भावाचे मोकळे हात बघितले, झेलणाऱ्या बायकांवरून नजर फिरवली, प्रणालीच्या गालाला हळदीचं बोट लावलं आणि पुढचा धवला उचलला. तो त्या कॅसेटमध्ये नव्हता.